एकही मजूर नसलेलं गाव

मी ज्या गावात लोकांचे पेशे लिहायला गेलो होतो, त्या गावात एकही मजूर निघाला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. ते मीच लिहिलं, खाली माझीच सही आहे, आणि सही करताना समोरच्या पांदीतून डोक्यावर कापसाची गाठोडी घेतलेल्या बायांची रांग चाललेली मला दिसत होती.

माझा स्वभाव आधी सांगितलेला बरा. मला अपराधी वाटायला अपराध करावा लागत नाही. जालन्याच्या स्टेशनात तिकीट खिशात असतानाही तपासनीस समोर आला की माझ्या कपाळाला घाम येतो. पगार हातात पडला की हा आपल्याला नक्की कशाबद्दल मिळाला, असा प्रश्न मला पडतो, आणि उत्तर सापडत नाही म्हणून मी तो मुकाट्याने खिशात घालतो. अशा माणसाने सरकारी आकड्यांच्या वाटेला जाऊ नये. पण निजामाच्या राज्यात उर्दू लिहितावाचता येणाऱ्या आणि अक्षर बरं असलेल्या पोराला तहसील कचेरीत अहलकाराची, म्हणजे कारकुनाची जागा मिळे, आणि त्याबद्दल घरी पेढे वाटले जात. माझेही वाटले गेले.

लढाईचे दिवस होते. लढाई नेमकी कुठे चालली आहे हे आम्हाला नीटसं ठाऊक नव्हतं, पण ती ज्वारीच्या भावात रोज दिसायची. धान्याच्या मोंढ्यात सकाळी एक भाव, दिवे लागायच्या वेळी दुसरा. सरकारने शेतकऱ्यांकडून सक्तीने लेव्हीची ज्वारी घ्यायला सुरुवात केली होती. घेतलेली ज्वारी कुणाला तरी द्यायला हवी, म्हणून वरून हुकूम आला. ज्या गावात मजुरीवर पोट भरणारी घरं जास्त, त्या गावात उन्हाळा चढायच्या आत सरकारी भावाचं धान्याचं दुकान उघडायचं. कोणत्या गावात अशी घरं किती, हे घरोघर विचारून छापील तक्त्यात भरायचं.

हुकूम चांगला होता, हे मी आजही म्हणेन. वाईट हुकुमाबद्दल माणसाला इतकी वर्षं रुखरुख लागून राहत नाही.

आमचे पेशकार, म्हणजे कचेरीतले वरचे कारकून, हैदराबादेकडचे होते. सज्जन माणूस. कधी कुणावर आवाज चढवला नाही. त्यांनी मला बोलावून एकच गोष्ट बजावली. माणूस स्वतःच्या तोंडाने जो पेशा सांगेल तोच लिहायचा, आपल्या मनाचा लिहायचा नाही. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक अहलकार आपल्या डोळ्यांना दिसलेलं लिहू लागला तर जितके अहलकार तितके डोळे. लोकांनी सांगितलेलं लिहिलं की निदान सगळीकडे चूक सारखी होते. या म्हणण्यात मला आजही फारसा दोष काढता येत नाही, आणि तेच मला छळतं.

माझ्याबरोबर कचेरीचा जुना चपराशी दिला होता. त्याला सगळे चाचा म्हणत. चाचाने अनेक अहलकार आलेले आणि गेलेले पाहिले होते आणि त्यातल्या कुणाबद्दल त्याचं मत चांगलं नव्हतं.

गाव जाफराबादच्या अंगाला, पूर्णेच्या काठापासून थोडं आत. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी चालू होती. चावडीवर चाचाने सतरंजी अंथरली, पाटील येऊन टेकले आणि मी पहिलं नाव घेतलं. तो पाटलांचा सालगडी होता. गुढीपाडव्याला साल ठरवायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्या घरी राबायचं, अशी त्याची बोली. पण त्याचे पाडवे मोजायचे सगळ्यांनी कधीच सोडून दिले होते, कारण तो अंगणात रांगत होता तेव्हापासून त्याच घरी होता. पन्नाशीचा, उंच, खांद्यावर घडी केलेली घोंगडी.

"पेशा काय?" मी विचारलं.

"म्हंजी?"

"काम काय करता?"

"पाटलाची शेती पाहून राह्यलो."

"शेती तुमची आहे?"

"माझी कशी आसंल? पाटलाची."

"मग तुम्ही मजूर झालात."

चाचा उगाच खोकला. सालगड्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला वडिलांचं नाव विचारून ते चुकीचं लिहिलं होतं.

"सायेब," तो म्हणाला, "मजूर कोन? ते वेचणीला डोंगरापल्याडून येतेत, चूल पाठीवर घेऊन, न् कापूस सरला का जातेत. कोन कुठला, कोनाला ठावं न्हाई. मला गाव हाय. पाटलाच्या बैलायची नावं बी म्याच ठेवली."

"घरचा मानूस हाय तो," पाटील म्हणाले. "तसं लिव्हा."

माझ्या तक्त्यात घरचा माणूस असा पेशा नव्हता. मी चाचाकडे पाहिलं. तो पुटपुटला, "लिखो साब, काश्तकारी में मदद. मदद तो सब्बीच करते." मी शेतीत मदत असं लिहिलं. सालगड्याचे चार भाऊबंद मागे उभे होते, तेही कुणा ना कुणाच्या घरी सालाने होते. एकामागून एक सगळे शेतीत मदत करणारे निघाले. सुतार म्हणाला, मी मजुरी घेत न्हाई, बलुतं घेतो, माझा हक्क हाय. तो हक्कदार झाला.

मग वेचणीहून आलेल्या बाया. त्यांची म्होरकी एक विधवा बाई होती. तिला सगळं गाव मावशी म्हणे आणि सगळं गाव तिच्या जिभेला भिऊन असे. तिच्या केसांत, लुगड्यात, भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू होते.

"मावशी, तुम्ही काय करता?"

"म्या? काई न्हाई. घरीच ऱ्हाते."

"मग हा अंगावर कापूस कशाचा?"

"वेचाया गेल्ते."

"ते काम नाही का?"

"घ्या! काम गडी करतो. बाई वेचती." बाया हसल्या. "आज हिच्या रानात, उद्या तिच्या. पाटलाच्या रानात वाटा भेटतो. लिव्हायचं तर लिव्हा, न्हाईतर जाऊ द्या, घरी पोरं वाट पाहून राह्यली."

मी घरकाम लिहिलं.

सगळ्या गावात बेकार म्हणून एकच माणूस सापडला, आणि तो स्वतः पुढे आला. पाटलांचा पुतण्या. औरंगाबादेला मॅट्रिकला बसून, तिथे न जमल्यामुळे परत आलेला, पायात बूट. "माझ्यापुढे बेकार लिहा," तो म्हणाला. "सुशिक्षित बेकार." त्याने तो शब्द वर्तमानपत्रात वाचला होता आणि त्याला तो पदवीसारखा वाटत असावा. गावात रोज गव्हाची पोळी खाणारा तो जवळजवळ एकटाच होता. तक्त्याप्रमाणे मदतीची गरज असलेलाही तो एकटाच ठरला.

राहिला मजुरीचा दर. मजूर नसले तरी तो रकाना कोरा सोडायची परवानगी नव्हती. पाटलांना विचारलं तर ते म्हणाले, "शेरभर जवारी न् दुपारची भाकर. आज्यापासून हेच हाय, बराबर चालू हाय." रकान्यात पैसे हवे होते. ज्वारीचा मोंढ्यातला भाव कचेरीतून दिलेला होता, त्याने शेराचे पैसे करून मी लिहिले.

निघायच्या वेळी सालगड्याने वाट अडवली. "सरकारी मानूस उपाशी गेला तर गावाची शोभा काय ऱ्हाईल? चला, भाकर खाऊन जा." मी नाही म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलंही, पण नाही म्हणण्याचे जे दोन प्रकार असतात त्यातला पुढच्याला आग्रह करायला लावणारा प्रकार वापरला. त्याच्या घरी बाज टाकली होती. बायकोने गरम भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा वाढला. दाराआड त्यांची मुलगी होती. तिची सोयरीक नदीपलीकडच्या एका घरी जमली होती.

"चांगलं घर हाय," सालगडी म्हणाला. "सवताची जमीन, दोन बैल. त्यायनं इचारलं, पोरीचा बाप काय करतो? म्या सांगितलं, पाटलाची समदी शेती मीच पाहतो. खोटं न्हाई ना सायेब?"

"नाही, खोटं कसं?"

"तेच म्हनलं. आन् आता सरकारात बी तसंच लिव्हलंय." तो समाधानाने हसला. "बिलकुल पक्कं झालं."

मी तिसरी भाकरी घेतली. ती माझ्या ताटात पडताना त्याच्या बायकोने टोपलीवर फडकं ओढलं, तेव्हा टोपली रिकामी झाली होती हे मला दिसलं. मी ती खाल्ली. आणि संध्याकाळी तक्त्याच्या शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, गाव खाऊन-पिऊन सुखी दिसतं.

पेशकारसाहेबांनी तक्ता वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "माशाल्लाह!" ते म्हणाले. "पूरे गाँव में एक मजदूर नहीं!" मग ते मजुरीच्या रकान्यावर आले. मागच्या वेळच्या तक्त्याशी ताडून पाहिलं तर दर दुपटीच्या आसपास गेला होता. जाणारच. ज्वारी तेवढीच होती, तिचा भाव वाढला होता. शेर खाणाऱ्याच्या पोटात एक दाणा जास्त गेला नव्हता, पण कागदावर त्याची कमाई दुप्पट झाली होती. गावात मजूर नव्हते, आणि त्या नसलेल्या मजुरांची चांगली भरभराट चालली होती.

बाहेर आल्यावर मी चाचाला हे बोलून दाखवलं. तो विडी शिलगावत म्हणाला, "साब, जो हैच नहीं उसकू दुगना देने में किसका क्या जाता?"

मी पेशकारांकडे परत गेलो आणि चाचरत सांगितलं, की ही माणसं दुसऱ्याच्या शेतातच राबतात, मी पाहिलं आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, त्यांच्यापैकी एकाने तरी तोंडाने मजूर म्हटलं का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग तुम्ही त्यांना त्यांच्या मर्जीविरुद्ध गरीब करायला निघालात. मी माझ्या जागेवर जाऊन बसलो. त्या वाक्यातली चूक मी अजून शोधतो आहे.

पाडवा आला. लेव्हीत ज्वारी गेली म्हणून पाटलांनी त्या सालापासून सालगड्याला आणि वेचणी-खुरपणीच्या बायांना ज्वारीऐवजी पैसे द्यायचं ठरवलं. पैसे धरले जुन्या भावाने. हे मला सालगड्याकडूनच कळलं. तालुक्याच्या आठवडी बाजारात तो धान्याच्या ढिगापुढे उभा होता. भाव विचारत नव्हता, नुसता उभा होता.

"पैसा भेटून राह्यला सायेब, न्हाई असं न्हाई," तो म्हणाला. "पन तेवढ्या पैशात मापटं बी नीट भरंना. ते सरकारचं दुकान होनार म्हनत होते, ते कवा होनार?"

मी सांगितलं, की तुमच्या गावात होणार नाही, कारण तिथे मजूर नाहीत. त्याला वाटलं मी चेष्टा करतो आहे. तो हसला. मग माझं तोंड पाहून हसायचा थांबला.

मला एवढं ठाऊक होतं, की दुकानांच्या गावांची यादी अजून जिल्ह्याला गेलेली नाही. पेशकारांकडे मी दुरुस्तीची परवानगी मागितली. त्यांनी ती लगेच दिली. लोक स्वतः सांगत असतील तर बेशक बदला, म्हणाले. चाचाला घेऊन मी पुन्हा त्या चावडीवर गेलो. या वेळी मी काही विचारणार नव्हतो, सांगणार होतो. सरकारी माणसाला ते सोपं जातं असं मला वाटलं होतं.

मी समजावून सांगितलं. अर्ध्याहून जास्त घरांनी मजूर म्हटलं तर गावात दुकान होईल. सरकारी भावाने ज्वारी मिळेल. उन्हाळा निघेल.

"मला लिव्हा मजूर," मावशी पहिल्या झटक्यात म्हणाली. "मला मेलीला आता कोनाची सोयरीक करायची हाय?"

हशा पिकला. मग सगळे सालगड्याकडे पाहू लागले. राबणारी बहुतेक घरं त्याच्या भावकीतली आणि तो भावकीत वडील. तो म्हणेल ते होणार होतं. त्याच्या घरीही ज्वारी नव्हती, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

"लगीन वैशाखात हाय," तो हळू म्हणाला. "कागुद पटवाऱ्याच्या हाताखालून जातो. नदीपल्याडचे सोयरे पटवाऱ्याकडं बसाया येतेत. त्यायला कळलं, का पोरीच्या बापाला सरकारानं मजूर लिव्हलंय, मंग?"

"माझ्या दारात मजूर न्हाई," पाटील म्हणाले. "मानसं हायेत."

"मानसं हायेत तर मानसायला जवारी द्या की, पाटील," मावशी म्हणाली. "पैसे कामून देऊन राह्यले?"

"जवारी लेव्हीत गेली, मावशे."

"समदी?"

पाटलांनी उपरण्याने तोंड पुसलं. त्यांचा पुतण्या मध्येच बोलला, की मजूर या शब्दात कमीपणा काही नाही, विलायतेत मजुरांचे मोठाले संघ असतात. मावशी म्हणाली, "मंग तू व्हय मजूर. उद्या ये माझ्यासंगं खुरपाया." तो घरात निघून गेला.

मी सालगड्याला बाजूला घेतलं. कमीत कमी या एका सालापुरतं म्हणा, असं विनवलं. लाज सोडून विनवलं.

"सायेब," तो म्हणाला, "एकडाव लिव्हलं का पुसता येतं का?"

"पुढच्या खेपेला बदलता येईल."

"पुढची खेप कवा?"

ते मला माहीत नव्हतं. मी खाली पाहिलं, आणि त्याला ते पुरेसं झालं. "मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "प्वाट आज न्हाई तर उद्या भरंल. नाव गेलं तर कुठून आनू?"

पाय ओढत आम्ही परतलो. दुरुस्तीत एकच नाव भरलं, मावशीचं. एका मजुरासाठी दुकान होत नसतं. पेशकारांनी मला समजावलं, की गावाने दोनदा संधी मिळूनही नाकारली, आता तुमच्या मनावर ओझं नको. ओझं काढायचा त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून मी आभार मानले.

दुकान झालं ते तिथून तीन कोसांवर, सडकेवरच्या एका गावात. तक्ते भरले गेले तेव्हा त्या गावाशेजारी खडी फोडणाऱ्यांच्या झोपड्या होत्या. त्यांना कुणी विचारलं, पेशा काय, तर त्यांनी हातातला घण खाली न ठेवता मजूर म्हणून सांगितलं. त्यांना तिथे कुणाची सोयरीक जमवायची नव्हती. यादी वर जाऊन, मंजूर होऊन, पोती येईपर्यंत सडक पुढे सरकली आणि तिच्याबरोबर झोपड्याही गेल्या. मूळ गावात सगळे स्वतःची जमीन कसणारे. त्यांच्या घरी चार महिन्यांची ज्वारी होती. दुकान उघडलं, पोत्यांची थप्पी लागली, आणि दुकानदार दारात बसून माशा वारू लागला.

आता पेशकारांना खरी काळजी लागली. ज्वारी पडून राहिली तर जिल्ह्याहून विचारणा होणार, की मजुरांचं गाव म्हणून दुकान दिलं, तर मजूर कुठे गेले? नावं पाहून ज्वारी देण्यासाठी माझी रवानगी तिथे झाली. नियम सोपा होता. त्या गावात राहणारा आणि मजुरी करणारा, एवढं ज्याने सांगितलं त्याला सरकारी भावाने ज्वारी.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी सकाळी सडकेवरून माणसांची एक ओळ येताना दिसली. पुढे मावशी, मागे बाया, त्यांच्यामागे सालगडी आणि त्याचे भाऊबंद. ते येऊन रांगेत उभे राहिले. रांग त्यांच्याचपुरती होती. मावशीने ठणठणीत आवाजात मजूर म्हणून सांगितलं, गाव हेच म्हणून सांगितलं, आणि ज्वारी घेऊन बाजूला झाली. बायांनी तेच केलं. मग सालगडी समोर आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"पेशा?" मी विचारलं.

"मजूर."

"राहणार?"

"ह्याच गावचा."

दुकानदाराने वर पाहिलं. तो तिथलाच होता, त्याला गावातलं कुत्रंसुद्धा ओळखू येत होतं. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "अहलकारसाहेब, हा माणूस..."

"त्याने तोंडाने सांगितलं," मी म्हणालो. "तोंडाने सांगितलेलंच लिहायचं असा हुकूम आहे. मापा."

आयुष्यात मी इतक्या ठामपणे क्वचितच काही बोललो असेन, आणि जे बोललो ते धडधडीत खोट्याच्या बाजूने. चावडीवर खरं ऐकून मी खोटं लिहिलं होतं. इथे खोटं ऐकून खोटंच लिहिलं, पण ज्याला ज्वारी मिळायला हवी होती त्याच्या पोत्यात ती पडत होती. यातलं कोणतं माझ्या माथी लागावं, हे मी तेव्हापासून ठरवतो आहे. जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं तिथे मजूर व्हायला त्याला अडचण नव्हती. डोंगरापलीकडून येणाऱ्या वेचणीवाल्यांबद्दल तो जे म्हणाला होता, तसाच तो त्या घटकेपुरता झाला होता, कोण कुठला ते ठाऊक नसलेला.

पुढे महिनाअखेरचा तक्ता गेला तेव्हा सडकेवरच्या त्या गावात मजुरांची संख्या चांगलीच वाढलेली दिसली. कचेरीत त्याचा अर्थ असा लावला गेला, की सडक झाल्याने रोजगार वाढला. पेशकारांनी तसं टिपण लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. भाषा सुरेख होती.

पण ते रांगेत येऊन उभे राहिले त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. दुपारी दुकान बंद झालं आणि मला तालुक्याला परत जायचं होतं. वाट त्यांच्या गावावरूनच होती. बाया पुढे निघून गेल्या होत्या. सालगडी पाठीवर पोतं घेऊन चालला होता, मी बरोबर. गावाची शीव आली तसा तो बाभळीच्या सावलीला थांबला. खांद्यावरची घोंगडी अंथरली, पोत्याचं तोंड सोडलं आणि सगळी ज्वारी घोंगडीत ओतली. एक दाणाही मातीत जाऊ दिला नाही. मग घोंगडीची चारी टोकं बांधून गाठोडं केलं. पोत्यावर दुकानाचा मोठा काळा शिक्का होता.

"हे काय करायचं?" तो म्हणाला.

मी हात पुढे केला. त्याने पोतं झटकून, घडी करून मला दिलं. मी ते काखेत धरलं आणि आम्ही गावात शिरलो.

विहिरीवर पाटील मोट धरणाऱ्या गड्यावर ओरडत उभे होते. आम्हाला पाहून थांबले. गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय रे, कुठं गेल्ता?"

"पाव्हन्याकडं गेल्तो, मालक," सालगडी म्हणाला. "जवारी देल्ली त्यायनं लगनासाठी."

"कोन्ता पाव्हना एवढा दिलदार निघाला ह्या दिवसांत?"

सालगडी क्षणभर अडखळला. सगळ्या मोठमोठ्या गोष्टी त्याने ठरवून ठेवल्या होत्या, एवढी एक राहिली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत, नुसती घाई होती.

"हे काय," तो म्हणाला, "सायेबच हायेत. आमच्या घरी भाकर खाल्लीय त्यायनं."

पाटील विहिरीवरून उतरून माझ्यापुढे आले. मला वाटलं, आता काखेतलं पोतं मागतील. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. पोतं खाली पडू नये म्हणून मला कोपर अंगाशी घट्ट दाबून धरावं लागलं.

"सरकारी मानूस असून एवढं कोन करतं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "असे चार तुमच्यासारखे आसते ना सायेब, तर त्या दुकानाची गरजच काय होती? बसा. च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई."

मी बसलो. पाटलांच्या घरून आलेला चहा गुळाचा होता, दाट, वरून वेलदोडा. सालगडी गाठोडं सावरत घराकडे वळला. पाटील जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून माझी ओळख करून देत होते, आणि मी दर वेळी मान खाली घालत होतो. ते त्यांना विनयाचं लक्षण वाटत होतं.